घाण्यावरची बैठक

नागूबाई सुईण पिते, हे हळ्ळीखेडच्या आजूबाजूच्या दहा खेड्यांना ठाऊक होतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटेल कसं? पाजली कुणी तिला? ह्याच दहा खेड्यांनी! मूल पाच दिवसांचं झालं की सटवाई पुजायची, कोंबडं कापायचं, देवीपुढं दारूचा नैवेद्य ठेवायचा आणि पूजा झाली की ती बाटली सुइणीच्या ओटीत घालायची. आजाची रीत, पणजाची रीत. लिंगायतांच्या घरी तेवढा नारळ आणि खण मिळायचा. बाकी बहुतेक घरांतून पाचवीची बाटली ठरलेली. नागूबाईची सासू ती बाटली घरी आणून दुखऱ्या गुडघ्यांना चोळायची. नागूबाईनंही पहिली दोन वर्षं चोळली. मग प्लेगात नवरा गेला, त्याची हजामतीची धोकटी खुंटीला लागली, पदरात तीन वर्षांची पोर राहिली, आणि एके दिवशी गुडघ्यांऐवजी बाटली तोंडाला लागली. पुढं पाचवीची पुरेना, म्हणून बाजाराच्या दिवशी शिंदीखान्यात ताडीसारखी शिंदी प्यायला जाणं सुरू झालं. हे निजामाच्या राज्यातलं, रझाकारांच्या धामधुमीच्या पाच-सहा वर्षं आधीचं. मोठ्या गावात शिंदीखाना असायचाच, आणि पिणाऱ्याला अडवणारं कुणी नसायचं.

पण हात बघावेत तर नागूबाईचे! आडवं मूल पोटावरून नुसतं चोळून सरळ करायची. पायाळू मूल, म्हणजे ज्याचा पाय आधी बाहेर येतो ते, इतर सुइणींनी बघितलं की त्या देवाचं नाव घ्यायच्या. नागूबाई देवाचं नाव घेत बसायची नाही, हाताला तेल लावायची. त्या हातांनी दोनशेवर पोरं जगात आणली असतील. आणि आता दोन वर्षं झाली, ते हात कापायला लागले होते. सकाळी तांब्या धरला की पाणी निम्मं अंगावर सांडायचं. एक घोट पोटात गेला की कापरं थांबायचं, म्हणून ती तो घोट घ्यायची, आणि एकावर काही भागायचं नाही.

त्यात कमल बाळंतपणाला माहेरी आली. पहिलंच बाळंतपण, सातवा महिना. दुसऱ्या दिवशी जेवताना तिनं आईच्या हाताकडं बघितलं आणि सरळ विचारलं, "आई, माझ्या वक्ताला तू शुद्धीवर असशील का?"

भांडायला विचारलं असतं तर नागूबाईनं घर डोक्यावर घेतलं असतं. पण पोर खरंच विचारत होती, बाजाराला जाशील का म्हणून विचारावं तसं. नागूबाईनं हातातला घास ताटात ठेवला.

तिनं सोडून बघितली. पहिल्या खेपेला चार दिवस टिकली, पाचव्या दिवशी कुणाच्या तरी घरची पाचवी निघाली. दुसऱ्या खेपेला दोनच दिवस. मग लाज गुंडाळून ती शेजारच्या शांतम्माकडं गेली. शांतम्मा लिंगायत, तिची चारही पोरं नागूबाईच्या हातची. तिचा नवरा कल्लप्पा एके काळी असा प्यायचा की गळ्यातलं लिंग काढून देवळीत ठेवायचा आणि मग घराबाहेर पडायचा. देवळीत लिंग दिसलं की शांतम्मा समजून जायची, आज काही मालक चालत घरी येत नाही. तो कल्लप्पा वर्षभरात थेंबाला शिवला नव्हता.

"अक्का, खरं सांग," नागूबाई म्हणाली, "तुज्या मालकाला काय खाऊ घातलंस? कुण्या बाबाचा अंगारा आणलास?"

"खायला काय न्हाई घातलं. त्येनला बोलायला लावलं." शांतम्मानं इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "हळ्ळीखेडला अमृतप्पाचा तेलाचा घाणा हाय. बाजारादिवशी दुपारी तिथं पिणारी मान्सं बसत्यात. सोडल्याली, सोडायलेली. काय बोलत्यात ते मला बी सांगत न्हाईत हे."

"बायका असत्यात का तिथं?"

शांतम्मा हसली. मग म्हणाली, "बायका कुठं पित्यात?" आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन तिनं जीभ चावली.

बाजाराचा दिवस उजाडला तेव्हा नागूबाईला दारू सोडून तीन दिवस झाले होते. अंग फणफणत होतं, तोंडाला चव नव्हती. तेलाचं बुधलं घेतलं, कमलला "तेल संपलंय" म्हणाली आणि कोसभर वाट तुडवत हळ्ळीखेडला आली. घाणा कुठं म्हणून विचारायचीही तिला चोरी. दोनशे पोरांची सुईण, दर चौथा माणूस ओळखीचा! एकजण "मावशी, शिंदीखाना हिकडं न्हाई, तिकडं हाय" म्हणून हसला. त्याची नाळ तिनंच कापली होती. मेल्या, तुझी नाळ कापली तशी जीभही कापायला हवी होती, असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण त्या दिवशी भांडायलाही अंगात जीव नव्हता.

शिंदीखान्याच्या वाटेनंच जावं लागलं. आंबूस वास नाकात शिरला आणि पाय आपोआप मंद झाले. नागूबाईनं पदर नाकाला लावला आणि स्वतःलाच शिव्या घालत ती पुढं निघाली. दोन गल्ल्या पलीकडं घाण्याची कुरकुर ऐकू आली.

बैठकीची वेळ बाजारादिवशी दुपारची का, तर शिंदीखाना त्याच वेळी सगळ्यात जास्त भरतो. आणि जागा घाण्याची का, तर झापड बांधलेला बैल फिरत असतो, लाट, म्हणजे घाण्यातलं फिरतं लाकूड, कुरकुरत असते, आतलं बोलणं दाराबाहेर जात नाही. अमृतप्पानं सगळा विचार केला होता. स्वतः पन्नाशीचा, उजव्या हाताला दोन बोटं कमी. पिऊन घाण्यात हात घातल्यावर राहतील कशी?

दारात बुधलं घेऊन उभी असलेली बाई बघून तो म्हणाला, "तेल उद्या घ्या, बाई. आज विक्री बंद."

"तेलाला न्हाई आले, अप्पा. बसायला आले."

आत सात पुरुष बसले होते, कल्लप्पा त्यातलाच. सगळे तिच्याकडं बघायला लागले. एकजण पुटपुटला, "बायकांची न्हाई ही बैठक."

मग मात्र नागूबाईचा पारा चढला. "पितानी कुणी इचारलं न्हाई बाई हाईस का बुवा हाईस! पाचवीची बाटली ओटीत घालतानी न्हाई इचारलं, कलालानं लोटकं भरतानी न्हाई इचारलं. सोडायला आले तर इचारायलात व्हय? कामून?"

अमृतप्पानं थोडा वेळ तिच्या कापणाऱ्या हातांकडं बघितलं. मग पेंडीच्या ढिगाजवळचं पोतं झटकून टाकलं. "बसा. पर इथली रीत ऐका. ज्याच्या हातात तांब्या त्यानं बोलायचं. कुणी सल्ला द्यायचा न्हाई, उलट इचारायचं न्हाई. इथलं बोलणं, इथल्यांची नावं भायेर न्यायची न्हाईत. आन् खोटं बोलायचं न्हाई. खोटं बोलायला भायेर आख्खा बाजार भरलाय."

नागूबाई पदर पुढं ओढून बसली. पाण्यानं भरलेला तांब्या फिरायला लागला. एकानं सांगितलं, बायकोचं मंगळसूत्र विकून प्यालो आणि चोरी झाली म्हणून पोलीस पाटलाकडं रडलो. कल्लप्पानं नुसतं सांगितलं, "काल लिंग काढून हातात घेतल्तं. परत घातलं. तेवढंच सांगायचं." कुणी हसलं नाही, कुणी "वा" म्हणालं नाही. नागूबाईला वाटलं, हे बरंय. असं बोलायचं असेल तर मीही बोलेन. पाचवीचं सांगेन, कमल काय म्हणाली ते सांगेन, आणि पोरीच्या वेळेपर्यंत हात थांबले की देव पावला.

तांब्या तिच्या शेजारच्या माणसाकडं आला. तिशीच्या आतला, खांदे पडलेला, दाढी वाढलेली. ह्याला आपण कधी बघितलं नाही, असं तिला वाटलं. तो बोलायला लागला आणि तिनं वळून बघितलं. चेहरा तिनं बघितला नव्हता. आवाज ऐकला होता.

"मी दर बाजाराला तेच सांगतो," तो म्हणाला. "आज सोळावा बाजार, सोडल्यापासनं. दोन वर्षांमागं माझी बायको, राजू, अडली. पयलंच बाळंतपण. मी दुपारच्याला गाडी जुंपून सुईण आणायला निघालो. ओढ्यापलीकडच्या वाडीत नागूबाई मनून सुईण हाय. वाटंत शिंदीखाना लागला. जीव घाबरला व्हता, मनलं एकच लोटकं घेऊ. एकच घेतलं, पर बसलो. घटकाभर तर बसलोच. तिच्या दारात गेलो तर कडीला डहाळा."

डहाळ्याचं आजूबाजूला सगळ्यांना माहीत होतं. नागूबाई बाळंतपणाला बाहेर गेली की दाराच्या कडीला कडुलिंबाचा डहाळा खोवून जायची. डहाळा दिसला की समजावं, बाई घरी नाही, वेळ न घालवता दुसरीकडं बघावं.

"डहाळा हिरवागार व्हता. पान बी सुकलं नव्हतं. मंजे आत्ताच गेल्ती बाई! तरी मी हाका मारल्या. मग तिला हुडकत तीन गावं फिरलो. दिवस बुडतानी घरी गेलो तर राजू गेली व्हती, पोटातल्या लेकरासगट. पाय भायेर आल्ता लेकराचा." त्यानं तांब्याकडं बघितलं. "ते लोटकं घेतलं नसतं तर बाई दारात घावली असती. मी मारलं तिला. दुसरी सोयरीक आली, मी न्हाई मनलं. माझ्या हाताला कुणाची पोर द्यावी असा मी माणूस न्हाई. बास."

त्यानं तांब्या नागूबाईच्या हातात दिला. राजूचा नवरा उद्धवराव, हे नाव हळ्ळीखेडच्या शिवारात सगळ्यांना ऐकून माहीत होतं. बायकोच्या मरणानंतर बेसुमार प्यायला लागला आणि आता सोडलीय, एवढं लोक सांगत. तो स्वतःलाच दोष देतो, हे नागूबाईला आज कळलं.

आता तिला काय माहीत होतं ते ऐका. त्या दिवशी पहाटे एक बाळंतपण झटक्यात उरकून ती ऊन चढायच्या आत परत आली होती. घरात पाचवीची अख्खी बाटली. दमलेली होती, आत जाऊन बसली, आणि कडीचा डहाळा काढायचा राहिला. दुसऱ्या दिवशी राजूचं कळलं तेव्हा शेजारणींनी विचारलं, तर म्हणाली, मी पहाटे गेल्ते ती सांजच्याला आले. डहाळा सगळ्यांनीच बघितला होता, कोण खोटं म्हणणार? तेव्हापासून हात कापायला लागले. दारूनं कापतात असं लोक म्हणत, तीही म्हणे.

"पयल्या दिवशी बोललंच पायजे असं न्हाई," अमृतप्पा म्हणाला. "पुढं दिला तांब्या तरी चालतंय."

तांब्यातलं पाणी हिंदकळून तिच्या लुगड्यावर सांडत होतं. नुसता पुढं द्यायचा होता. बोलली तर दहा खेडी दार बंद करतील. इथलं बाहेर जात नाही म्हणे, पण हा माणूस कसा गप्प राहील? कमलचे सासरचे काय म्हणतील? लेकीच्या पोटावर तरी हात ठेवू देतील का? आणि हात थांबवण्यासाठीच तर ती कोसभर चालत आली होती! नागूबाईला स्वतःची भयंकर कीव आली आणि त्या किवेचीच शिसारी आली. शेजारी बसलेला माणूस तिचं पाप दोन वर्षं डोक्यावर घेऊन फिरत होता.

"मी सुईण हाय," ती म्हणाली. "मीच नागू न्हावीण."

उद्धवरावानं मान वर केली.

"त्या दिवशी मी घरातच व्हते."

घाण्याची लाट कुरकुरत राहिली. बैलाला काय, तो फिरतच होता.

"डहाळा व्हता," उद्धवराव म्हणाला.

"पहाटं लावल्ता. आल्यावर काढायचा राह्यला. आत पीत बसल्ते."

"मी हाका मारल्या."

"तीन मारल्यात. दोनदा नागूबाई मनलात, तिसऱ्यांदा मावशी मनलात. मी ऐकल्या. उठाया येत नव्हतं, ते खरं हाय. पर व्हय मनाया आलं असतं. मनले न्हाई. असल्या तोंडानं परक्या माणसाम्होरं कसं यावं मनून गप पडून राह्यले." तिला दम लागला. पण थांबली असती तर पुन्हा कधी बोलली नसती. "तुमी गाडी वळीवली. बैलांच्या घुंगराचा आवाज लांब गेला तवा मला बरं वाटलं. घटकाभर तुमी लवकर आला असता तरी मी तशीच पडल्याली व्हते. तुमचं ते लोटकं काय बी नडलं न्हाई. माझं नडलं."

कल्लप्पानं डोळे मिटून घेतले होते. उद्धवराव ओरडेल, अंगावर येईल, म्हणून ती वाट बघत होती. मार बसला असता तर बरं वाटलं असतं. तो ओरडला नाही. बैठकीत उलट विचारायचं नाही ही रीत मोडून त्यानं हळू आवाजात विचारलं, आणि अमृतप्पानं त्याला अडवलं नाही.

"तू आली असतीस तर वाचली असती का ती?"

ह्याचं उत्तर नागूबाईला तोंडपाठ होतं. तिचे दिवसच भरले होते, बाबा, कुणाच्या हातात काय असतं? वीस घरांत तिनं ते दिलं होतं आणि वीस घरांतल्या माणसांनी ते ऐकून डोळे पुसले होते. आताही दिलं असतं तर दोघांचंही ओझं उतरलं असतं. अमृतप्पालाही खरंखोटं कळलं नसतं. सुइणीशिवाय ते कुणाला कळतं?

"पाय एकच आल्ता का दोनी?" तिनं विचारलं.

"एक. आई मनली एकच."

"वाचली असती," नागूबाई म्हणाली. "दोगं बी वाचली असती. तसली मी लई सोडवलीत."

उद्धवराव उठला. पटका उचलला, डोक्याला न गुंडाळता हातातच धरला आणि दाराबाहेर निघून गेला. त्याच्यामागं कुणी गेलं नाही. उरलेले एकेक करून उठले.

अमृतप्पानं बैल सोडला. "सोळा बाजार सांभाळलं त्याला," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "तू चांगलं केलंस का वाईट, मला कळंना बग, बाई. पुढच्या बाजाराला ये. तो येईल का न्हाई, ठाव न्हाई. जा आता, घरी लेक वाट बघत आसंल."

रिकामं बुधलं घेऊन नागूबाई बाहेर पडली. वाट तीच, दुसरी नव्हती. शिंदीखाना आला. तिनं पदर नाकाला लावला, मान खाली घातली, चारसहा पावलं पुढंही गेली, पण डोळ्यांनी बघायचं ते बघितलंच. आत कुडाच्या भिंतीला टेकून उद्धवराव बसला होता. पटका मांडीवर. पुढ्यात मातीचं लोटकं काठोकाठ भरलेलं.

घरी जायला हवं होतं. कमल एकटी होती. आणि ह्या दारातून आत गेलेली नागूबाई शुद्धीवर बाहेर आल्याचं आजवर कुणी बघितलं नव्हतं, तिनंही नाही. आता आत गेले तर माझी धडगत नाही, हे तिला स्वच्छ कळत होतं. ती आत गेली आणि त्याच्या समोर जमिनीवर बसली.

"जा हितनं," तो म्हणाला.

ती गेली नाही. त्यानं लोटकं उचललं, ओठापर्यंत नेलं, आणि तिच्याकडं लक्ष गेल्यावर खाली ठेवलं. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. "तुला काय बगायचंय? माझी मजा?" तिला पी म्हणवत नव्हतं, नको पिऊ म्हणायला तोंड नव्हतं.

कलाल घागर घेऊन फिरत फिरत त्यांच्यापाशी आला. गिऱ्हाईक ओळखीचं, म्हणून हसला. "काय नागूबाई, आज उशीर! किती भरू?"

तिच्या तोंडाला पाणी सुटलं. खरंच सुटलं, ते कशाला लपवा? दोन्ही हात तिनं मांड्यांखाली दाबून धरले.

"मला नको," ती म्हणाली. "ह्येनी बोलवल्तं मला. यायला दोन वर्षं उशीर झाला."

कलालाला वाटलं, बाई कुठून तरी पिऊनच आलीय. तो मान हलवत पुढच्या माणसाकडं गेला. उद्धवरावानं मान वर केली नाही. लोटक्याभोवती त्याची बोटं होती आणि ती आता तिच्या हातांसारखीच कापत होती. बाहेर बाजार मोडायला लागला, गाड्या जुंपल्या गेल्या, आणि नागूबाई त्याच्यासमोर बसून राहिली.